अमावास्येचा सुरय

मी सगळ्यात जास्त ज्यांचा ऋणी आहे, त्या म्हणजे माझ्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, कारण छापील कागदावर ते पाहून त्या मला रागावतील. आमच्या गावात नुसतं 'बाई' म्हटलं तरी त्याच समजल्या जात. बाकीच्या शिक्षिकांना मराठीच्या, गणिताच्या असं काहीतरी लावावं लागे.

गाव जुन्या हैदराबाद संस्थानातलं, आताच्या तेलंगणाच्या अगदी कडेचं. घरात मराठी, बाजारात तेलुगू, कचेरीत उर्दू अशी भाषांची वाटणी होती आणि तिचं कुणाला नवल नव्हतं. आमच्याकडे ज्वारी आणि तूर होई. वडिलांना सही करता येत होती, सहीतली तेवढीच अक्षरं येत होती. घराण्यात कॉलेजात गेलेला पहिला मी, आणि मला तिथे पोचवलं बाईंनी. त्या मूळच्या हैदराबादेतल्या, चिक्कडपल्लीच्या. माहेरी सगळे वकील, नाहीतर शिक्षक. लग्न होऊन आमच्या गावी आल्या आणि तिथल्याच झाल्या.

आठवीपर्यंत मी त्यांच्या दृष्टीने शेवटच्या बाकावरचं एक पोर होतो. त्या वर्षी थंडीत त्यांनी आम्हाला गावाबाहेरच्या तळ्यावर पाणवनस्पती दाखवायला नेलं. तळ्यात अर्धी बुडालेली एक बाभूळ होती. तिच्या फांदीला कुणाची तरी गळाची दोरी अडकून राहिली होती, आणि त्या दोरीत एक पांढुरका पक्षी फडफडत होता. मुलं ओरडायला लागली. बाईंनी विचारलं, "पाण्याचा अंदाज कुणाला आहे?" मी हात वर केला. वर्गात मी आपणहून हात वर केल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. आमच्या म्हशी मी तिथेच धुवत असे, त्यामुळे खड्डा कुठे आणि खडक कुठे हे पायांना ठाऊक होतं.

मी पाण्यात उतरलो. बाई काठावरून सांगत होत्या. "हळू. पाणी उडवू नकोस. आधी त्याच्या डोक्यावर रुमाल टाक, अंधार झाला की शांत होईल. आता पंख मिटवून धर. आवळू नकोस." रुमाल त्यांचाच होता. दोरी मी दातांनी तोडली. पक्षी हातात आला तेव्हा त्याला वजन असं नव्हतंच, नुसती धडधड होती. बाईंनी त्याला पदरात घेतलं, एक पंख उलगडून पाहिला आणि म्हणाल्या, "हा सुरय. समुद्राकडचा पक्षी. थंडीत थोडे आपल्याकडेही येतात." मग रात्रभर कोंबड्यांच्या टोपलीखाली ठेवायला त्या त्याला घरी घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी वर्गात आल्या आल्या त्यांनी सांगितलं, "पहाटे उडाला. अंगणातून थेट तळ्याच्या दिशेने गेला." आणि सगळ्यांदेखत माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "हा मुलगा नुसता बघत बसला नाही."

माझ्याविषयी कुणी चारचौघांत चांगलं बोललं ते हे पहिलं वाक्य. त्या संध्याकाळपासून बाईंनी मला घरी बोलावून शिकवायला सुरुवात केली. दहावीनंतर वडिलांना समजावलं. हैदराबादेला कॉलेजात नाव घातल्यावर राहायचं कुठे, हा प्रश्न आला, तेव्हा चिक्कडपल्लीला आपल्या माहेरी मला ठेवलं. तिथे त्यांच्या आईने मला ताटावर बसायला, मोठ्यांशी बोलायला आणि चमच्याने वरण वाढून घ्यायला शिकवलं. ज्याच्या घरी जेवलो त्याच्याशी वाद घालायचा नाही, हेही मी त्याच घरात शिकलो. कुणी शिकवलं नाही, पण तीन वर्षं परक्याच्या घरात राहणारा मुलगा ते आपोआप शिकतो.

आता मी हैदराबादेतच सरकारी कचेरीत आहे, मलकपेठला घर आहे. बाई गावीच असतात. त्यांना ऐकू येणं जवळजवळ बंद झालंय, फोनचा उपयोग नाही, म्हणून मी पत्र लिहितो. थंडीतलं पत्र मोठं असतं. कोणते पक्षी आले, कुठे दिसले, कसे बसले होते, हे सगळं त्यात असतं. बाई उत्तरात चुका काढतात. "तू लिहिलास तो तुतवार नसावा, शेपटी हलवत होता का ते बघायला हवं होतं," असं.

कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर एक मित्र आहे, समुद्राकाठचा, कृष्णा जिथे समुद्राला मिळते त्या बाजूचा. संक्रांतीला हैदराबाद निम्मं रिकामं होतं, कारण त्याच्यासारखे सगळे आपापल्या गावी जातात. मागच्या संक्रांतीला तो म्हणाला, "यार, त्या दुर्बिणी लावून शहरातल्या गढूळ तलावांत काय बघता? आमच्याकडे चला." मी म्हटलं, एका सुट्टीसाठी रात्रभर बसप्रवास. तो हसला. "पक्षी बघायला लोक इतक्या लांब येतात हे ऐकून माझी वदिना मला वेड्यात काढेल. आमच्याकडे पक्षी हाकलायला माणसं ठेवतात."

वदिना म्हणजे त्याची वहिनी. त्याचा मोठा भाऊ काही वर्षांपूर्वी वारला. तेव्हापासून कोळंबीची तळी तीच सांभाळते.

मी पंचांग पाहिलं. सण उलटल्यावर दोन-तीन दिवसांनी अमावास्या होती. अमावास्येला मोठी भरती आणि मोठी ओहोटी, हे बाईंनी फळ्यावर चंद्र-सूर्य काढून शिकवलेलं. मोठी ओहोटी म्हणजे लांबवर उघडा पडलेला चिखल, आणि त्या चिखलात चोची खुपसणारे शेकडो पक्षी. मी तोच दिवस धरला. मुलीला विचारलं, येतेस का. ती इंजिनिअरिंगला आहे, मराठी वाचताना अजून बोट ठेवून अक्षरं लावते, पण सायकल माझ्यापेक्षा चांगली चालवते. म्हणाली, "हौ, येते की. पण सायकली आपल्याच न्यायच्या. तिथली किरायाची नक्को." मग बेगम बाजारातून गोणपाट आणि सुतळी आणली, दोन्ही सायकली गुंडाळल्या आणि बसच्या पोटात घातल्या.

पहाटे मित्र फाट्यावर घ्यायला आला होता. वदिनेच्या घरी इडली खाल्ली आणि आम्ही दोघं बापलेक निघालो. हवा गार होती, पण हैदराबादसारखी कोरडी गार नव्हे. हँडलवर ओल धरत होती. एका हाताला कालवा, दुसऱ्या हाताला तळीच तळी, मध्ये खडीचा रस्ता. तारांवर ओळीने वेडे राघू. कालव्याच्या काठावर ढोकरी इतकी दबून बसलेली, की सायकल शेजारी आल्यावरच उडायची. मुलगी पुढे जाऊन थांबायची आणि मी धापा टाकत पोचलो की विचारायची, "बाबा, पंक्चर का?"

रस्ता संपला तिथे खारफुटी आणि तिच्यापलीकडे चिखल. समुद्र इतका मागे गेला होता, की नुसती एक चमकती रेघ दिसत होती. त्या चिखलावर जे होतं ते मी पूर्वी कधी एका ठिकाणी पाहिलं नव्हतं. शेकाटे, तुतवार, बाकदार चोचीचे कोरल, मध्येच पांढऱ्या ठिपक्यांसारखे कुरव. आणि पाण्याच्या रेघेवर सुरय. ते बसत नाहीत. हवेत एका जागी थरथरतात, मान खाली घालून बघतात आणि दगड टाकावा तसे पाण्यात पडतात. मुलीने दुर्बीण घेतली ती परत देईचना. "बाबा, हे लोक थकत नाहीत का?" मी तिला म्हटलं, यातला एक मी हातात धरला होता. "तळ्यातला ना? दहा वेळा सांगितलंय," ती दुर्बीण न काढता म्हणाली.

भरती परतायला लागली तसे आम्हीही परत निघालो. ऊन चढलं होतं. वदिनेच्या तळ्याजवळ आलो तेव्हा मुलगी एकदम थांबली. माझी सायकल तिच्यावर आदळता आदळता राहिली.

कोळंबीच्या तळ्यांवर पक्षी उतरू नयेत म्हणून वरून पारदर्शक नायलॉनचे दोरे ताणलेले असतात, या बांधापासून त्या बांधापर्यंत, उभे आणि आडवे. उन्हात ते दिसतही नाहीत. तळ्याच्या मधोमध, पाण्यापासून दोनेक हात वर, अशा एका दोऱ्याला एक सुरय टांगलेला होता. डावा पंख दोऱ्यात पिळला गेला होता. तो फडफडायचा, स्वतःभोवती फिरायचा आणि मग उलटा लोंबत राहायचा. जिवंत होता. वर आणखी दोघं-तिघं घिरट्या घालत ओरडत होते.

मी सायकल टाकून फाटकाशी गेलो. फाटकात लाल औषधाच्या पाण्याची उथळ टाकी असते, पाय बुडवल्याशिवाय आत जायचं नसतं, आणि बाहेरच्याने तर मुळीच जायचं नसतं. एका तळ्याचा रोग पायांनी, टायरनी, पक्ष्यांच्या चोचीतून दुसऱ्या तळ्यात जातो. सकाळीच मित्राने सांगितलं होतं, की मागच्या हंगामात वदिनेच्या एका अख्ख्या तळ्यातली कोळंबी पांढरे डाग पडून दोन दिवसांत मेली. मी फाटकाबाहेरूनच हाक मारली.

वदिना आली, मागोमाग मित्र. तिने कपाळावर हात धरून पाहिलं. "अय्यो, पापम," ती म्हणाली. पापम म्हणजे बिचारा. तिने ते मनापासून म्हटलं होतं.

मी माझ्या हैदराबादी तेलुगूत म्हटलं, "वदिना, मी उतरतो. मला पोहता येतं, पाण्याची सवय आहे. एकदा पाणपक्षी असाच सोडवलाय."

"आज नको, अन्नय्या." तिने मला भाऊ म्हटलं. "आज अमावास्या आहे."

मला वाटलं ती देवाधर्माचं म्हणते आहे. मी म्हटलं, मी अमावास्या वगैरे मानत नाही. तशी ती हसली, पण तिच्या डोळ्यांत हसू नव्हतं. "मी कुठे मानते? कोळंबी मानते."

मग तिने सांगितलं. अमावास्येला आणि पौर्णिमेला कोळंबी कात टाकते. जुनं कवच निघालेलं असतं, नवं घट्ट झालेलं नसतं, नुसता मऊ लगदा. त्या एक-दोन दिवसांत कुणी पाण्यात उतरत नाही, जाळं टाकत नाही, तराफा ढकलत नाही. तळाचा गाळ हलला की त्यातला विषारी वायू वर येतो आणि मऊ अंगाची कोळंबी आधी मरते. मेलेलीला उरलेली खाते आणि मग तळं सावरत नाही. "परवा सकाळी मी स्वतः माणूस पाठवीन," ती म्हणाली.

मुलगी माझ्या मागून म्हणाली, "परवापर्यंत तो कसा टिकेल?" हिंदीत म्हणाली, पण वदिनेला समजलं.

"दोरा कडेने सोडला तर?" मी विचारलं.

वदिनेने पाणी घुसळणाऱ्या चाकांकडे हात केला. तळ्यात चार ठिकाणी ती फिरत होती, पांढरा फेस उडत होता. "सगळे दोरे एकमेकांना गाठींनी बांधलेत. एक सोडला की सगळे चाकांत जातील. आणि चाकं आज बंद ठेवता येत नाहीत. कात टाकताना त्यांना हवा जास्त लागते."

मित्राने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "यार, एक पक्षी आहे."

"हौ अंकल, एकच आहे," मुलगी म्हणाली. "म्हणून तर म्हणतो आहोत."

तिने फोन काढला. हैदराबादेत प्राणी-पक्षी सोडवणारी पोरं आहेत, तिच्या कॉलेजातली. त्यांनी सांगितलं, वन खात्याला कळवा. वन खात्याचा फोन सणाच्या सुट्टीत कुणी उचलला नाही. पुन्हा त्या पोरांना लावला. त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "ड्रोन आहे का तुमच्याकडे?" तिने फोन बंद करून खिशात घातला आणि पायाने खडी उडवत राहिली.

वदिना मात्र गेली नव्हती. तिने घरातून दोन लांब बांबू आणवले, एकाच्या टोकाला विळा बांधला, दोन्ही बांबू एकमेकांना जोडले. आम्हाला पाय धुवून बांधावर घेतलं, चपला बाहेर. त्या बांधावर बाहेरचा माणूस घेणं तिच्यासाठी किती मोठं होतं ते मला आता कळतं. मी आणि मित्राने मिळून तो बांबू पाण्यावर लांबवला. जोडापाशी तो वाकला. टोक पाण्याला लागायला आलं. "खाली नको, खाली नको," वदिना हळूच म्हणत होती, जणू झोपलेलं मूल उठेल. आम्ही टोक वर घेतलं तर विळा दुसऱ्याच दोऱ्याला लागला, तो दोरा थरथरला, आणि पक्षी घाबरून असा फडफडला, की पीळ आणखी घट्ट झाला. अजून बरंच अंतर राहिलं होतं. आम्ही दोनदा पुन्हा प्रयत्न केला. मग बांबू मागे ओढून घेतला आणि तिघंही उभे राहिलो.

मुलगी मराठीत म्हणाली, म्हणजे मित्राला आणि वदिनेला कळू नये म्हणून, "बाबा, तुम्ही उतरा ना. काय करतील? बोलतील थोडंसं."

"नाही उतरता येणार."

"का? तुम्हाला पाण्याचा अंदाज आहे म्हणता ना नेहमी?"

"हे तळं त्यांचं पीक आहे."

"मग बोला तरी. भांडा. तुम्ही नुसते हौ-हौ करताय."

मी विळ्याची सुतळी सोडायला लागलो. भांडणार कशावरून? आमच्या ज्वारीत दाणा भरला की वडीलही पोपटांना शेतात ठरू देत नसत. वदिनेचं एकही वाक्य मला खोडता येत नव्हतं. आणि सकाळी तिच्या हातची इडली खाल्ली होती.

जेवणाची वेळ झाली. वदिनेने केळीच्या पानावर वाढलं. पडवीतून तळं समोर दिसत होतं. तिने आपण होऊन माझी बाजू बदलली, मला भिंतीकडे तोंड करून बसवलं. ती सारखी म्हणत होती, "तिनंडी, अन्नय्या, तिनंडी," म्हणजे खा, खा. कोळंबीची कढी होती. मी सगळं खाल्लं. मुलीने भात तेवढा चिवडला. वदिनेने तिच्या पानात संक्रांतीचं उरलेलं अरिसेलु ठेवलं, गुळाचं, आमच्या अनारशासारखं. "ही माझ्यावर चिडली आहे," ती मित्राला म्हणाली. "चिडू दे. माझी मुलगी असती तर तीही चिडली असती."

मागून ओरडणं ऐकू येत होतं. टांगलेला ओरडत होता की वरचे, ते कळत नव्हतं. जेवताना कधीतरी ते थांबलं.

हात धुऊन आम्ही पुन्हा रस्त्यावर गेलो. वरचे पक्षी निघून गेले होते. दोऱ्यावरचा अजून जिवंत होता. दुर्बिणीतून पाहिलं तर चोच उघडी होती आणि काळा डोळा वर आकाशाकडे होता. सायकलींशेजारी कालव्याच्या कठड्यावर आम्ही बसून राहिलो. मुलीने एकदा विचारलं, "इथे बसून काय होणार?" मी म्हटलं, काही नाही. ती उठून गेली नाही. ऊन उतरायला लागलं तेव्हा वाऱ्याने तो वळला, पंख सैल पडला आणि पुन्हा मिटला नाही. मी दुर्बीण खाली ठेवली. मुलीने ती उचलून पाहिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "चला बाबा."

सायकली पुन्हा गोणपाटात गुंडाळल्या. निघताना वदिनेने मुलीच्या हातात अरिसेलुंचा डबा दिला. मुलीने घेतला आणि वाकून नमस्कार केला, मी न सांगता. परतीच्या बसमध्ये तिने तो डबा मांडीवर घेतला. मग ती म्हणाली, "तुमचा तो तळ्यातला. तो उडाला होता ना?"

"हो. पहाटे."

"तुम्ही पाहिलं?"

"बाईंनी पाहिलं. वर्गात सांगितलं."

"हौ, पण तुम्ही पाहिलं का?"

मी खिडकीबाहेर बघितलं. ती लगेच म्हणाली, "उडालाच असणार. बाई कशाला खोटं बोलतील," आणि शाल डोक्यावरून घेऊन झोपली.

मला झोप आली नाही. इतक्या वर्षांत हा प्रश्न माझ्या मनात एकदाही आला नव्हता. दोरीने पिळलेला पंख, रात्रभर कोंबड्याच्या टोपलीखाली, थंडीत. आज तसाच पंख मी दुर्बिणीतून दिवसभर पाहिला होता.

दोन दिवसांनी मित्राने कचेरीत सांगितलं, की वदिनेने शब्दाप्रमाणे माणूस पाठवून पक्षी काढला आणि बांधाबाहेर पुरला. तळं सुखरूप आहे. त्याने आणखी सांगितलं, की तिने विचारलंय, पाहुणे पुन्हा येणार का. मी म्हटलं, येऊ.

थंडीतलं पत्र लिहायचं राहिलं होतं. मुलगी म्हणाली, "त्या दोऱ्यातल्याचं तेवढं नका लिहू. त्या एवढ्या म्हाताऱ्या आहेत, कायको परेशान करायचं?" मलाही आधी तसंच वाटलं. चिखलावरचे पक्षी एवढे होते, की पत्र त्यांनीच भरलं असतं. मी तसं लिहिलंही आणि ते फाडून टाकलं, कारण बसमधला तिचा प्रश्न त्यात कुठेच नव्हता. शेवटी जे पाठवलं ते असं.

"बाई,

तुमच्या पायांना हात लावून लिहितो. तब्येत सांभाळून असाल. इकडे सगळे ठीक.

या वर्षी आम्ही समुद्रावर गेलो होतो. लेक बरोबर होती. अमावास्येची ओहोटी तुम्ही फळ्यावर काढली होती तशीच निघाली, समुद्र दिसेनासा होईपर्यंत मागे गेला. कोरल पाहिले, चोच अगदी विळ्यासारखी. तुतवार पुष्कळ होते, त्यांतले शेपटी हलवणारे कोणते, ते मी या वेळी नीट पाहिलं. सुरय पाण्यावर थरथरताना पाहिले. तुम्ही सांगायचात की हा पक्षी बसलेला ओळखू येत नाही, उडताना येतो. ते खरं आहे.

परत येताना कोळंबीच्या तळ्यावरच्या दोऱ्यात एक सुरय अडकलेला दिसला. तळं ज्या घरी आम्ही उतरलो होतो त्यांचंच. त्या दिवशी कोळंबी कात टाकते, पाण्यात उतरलं तर सगळं पीक मरतं, म्हणून उतरता आलं नाही. बांबू लावून पाहिला, पोचला नाही. ती बाई वाईट नव्हती. तिने जे सांगितलं ते बरोबर होतं. तुमचा रुमाल मला आठवत होता, पण टाकणार कुठे? तो संध्याकाळपर्यंत जिवंत होता. आम्ही काठावर बसून होतो.

तुम्ही एकदा वर्गात माझ्याबद्दल एक वाक्य म्हणाला होतात. तुम्हाला आठवत नसेल. मी त्या वाक्यावर शिकलो, नोकरीला लागलो, घर केलं. त्या दिवशी मी नुसता बघत बसलो. दुसरं काय करायला हवं होतं ते अजूनही मला कळलेलं नाही, म्हणून तुम्हाला कळवतो.

एक विचारायचं आहे. आपल्या तळ्यातला तो सुरय पहाटे उडाला असं तुम्ही सांगितलं होतंत. तो खरंच उडाला होता का?

नसला उडाला तरी मला काही वाटणार नाही असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. वाटेल. तरीही तुम्ही काय झालं तेच लिहा. आणि अक्षर मोठं काढा, कारण हे उत्तर लेकीला स्वतः वाचायचं आहे."